बॅटरी फुल चार्ज करून कपाटात ठेवू नका

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय. "दादा, कॅमेऱ्याची बॅटरी किती वर्षं टिकते?" तर आज फक्त तेवढंच बोलू.

सुरुवातीचं पटकन उरकतो. आपल्या कॅमेऱ्यांत लिथियम-आयन बॅटरी असते. साधारण ३०० ते ५०० सायकल झाल्या की तिची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते. सायकल म्हणजे पूर्ण शंभर टक्के वापर. आज निम्मी वापरून भरली, उद्या पुन्हा निम्मी वापरली, तर दोन्ही मिळून एक सायकल झाली. झालं.

आता खरा मुद्दा. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या बॅटऱ्या वापरून मरत नाहीत, ठेवून मरतात. आषाढात शेवटचं लग्न होतं, आपण सगळ्या बॅटऱ्या नीट फुल करतो, बॅगेत भरतो, बॅग कपाटात. मग थेट तुळशीच्या लग्नानंतर बाहेर. चार महिने ती बॅटरी काठोकाठ भरलेली बसून असते, आणि आपल्याला वाटतं आपण तिची काळजी घेतली.

मीही वर्षानुवर्षं हेच केलं. पत्र्याचं छप्पर असलेल्या वरच्या खोलीत लोखंडी कपाट, त्यात पाच बॅटऱ्या, पाचही फुल. कार्तिकात हळदीच्या शूटला गेलो. स्क्रीनवर ६० टक्के दिसत होते. व्हिडिओ सुरू केला आणि नवरीच्या गालाला पहिली हळद लागायच्या क्षणी कॅमेरा बंद! दुसरी बॅटरी घालायला गेलो तर पहिली बाहेरच येईना. फुगून खाचेत अडकली होती. ती पहिली हळद माझ्याकडे नाही, त्या घरच्यांकडेही नाही. ते मला अजून लागतं.

असं का होतं? फुल असताना आतला प्रत्येक सेल साधारण ४.२ व्होल्टला ताणलेला असतो. तेव्हा आतल्या द्रवाची इलेक्ट्रोडशी, म्हणजे सेलच्या आतल्या धन आणि ऋण थरांशी, नको ती अभिक्रिया वेगाने चालते. त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं, इलेक्ट्रोडवरचा थर जाड होतो, करंटला होणारा आतला विरोध वाढतो. म्हणून आकडा ६० दाखवतो, पण व्हिडिओसाठी जोरात करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं. आणि उष्णता मिळाली की हे सगळं आणखी वेगात. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत बॅग ठेवू नका, विदर्भातल्या मंडळींनी तर अजिबातच नको.

पटत नसेल तर ड्रोनकडे बघा. खूप जण लिहितात, "दादा, ड्रोनची बॅटरी फुल करून ठेवली, आठवड्याने बघतो तर आपोआप उतरलेली. खराब आहे का?" नाही हो! बऱ्याच ड्रोनच्या बॅटऱ्यांमध्ये कंपनीनेच ती सोय केलेली असते. काही दिवस पडून राहिली की ती स्वतःच थोडी उतरते, कारण भरलेली पडून राहणं तिला सोसत नाही. कॅमेऱ्याच्या बॅटरीत ही सोय नसते. ते काम आपण करायचं.

म्हणजे काय, तर महिनाभर शूट नसेल तर ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा, कॅमेऱ्यातून काढून, घरातल्या थंड कोरड्या जागी. दोन महिन्यांनी एकदा बघा. पूर्ण उतरलेलीही ठेवू नका. फार खाली गेली की आतलं सर्किट तिला बंद करतं आणि चार्जर तिला ओळखतच नाही. शूटच्या आदल्या रात्री मात्र खुशाल शंभर टक्के करा. एक रात्र भरलेली राहिली म्हणून काही बिघडत नाही.

एक कॉमेंट दर वेळी येते, की दर महिन्याला शून्यावर आणून मग चार्ज करायची. हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियमचा, तिला 'मेमरी'चा त्रास होता. लिथियमला तो नाही. उलट दर वेळी शून्यावर आणलीत तर तिचंच आयुष्य कमी होतं. वडीलधाऱ्यांनी सांगितलं ते त्यांच्या काळात बरोबरच होतं, बॅटरी बदलली.

तब्येत कशी कळेल? कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत मेनूमध्ये तीन हिरवे चौकोन दिसले की बॅटरी ठणठणीत, निकॉनमध्ये ० ते ४ असं वय दिसतं, ० म्हणजे नवी, ४ म्हणजे म्हातारी. आणि ही माझी रीत बघा. काचेच्या टेबलावर बॅटरी आडवी ठेवली, बोटाने गिरकी दिली. ही लगेच थांबली, सपाट आहे. आता ही दुसरी... बघा, भोवऱ्यासारखी फिरतेय. पोट आलंय हिला. ही आता कॅमेऱ्यात जाणार नाही.

एकाने विचारलंय, सुई टोचून हवा काढू का? कृपा करून नको! आग लागते. टोकांच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. घंटागाडीत टाकू नका, गाडीत कचरा दाबला जातो आणि तिथे माणसं काम करतात.

आता व्हिडिओ थांबवा, बॅग उघडा, एकेक बॅटरी टेबलावर फिरवून बघा. किती फिरल्या ते खाली लिहा, मी वाचतोय.