सिंगापूर : तिकिटाआधी तारीख

श्रोतेहो, नमस्कार.

परदेशाची पहिली सहल म्हटली की आपल्याकडे बऱ्याच घरांत सिंगापूरचं नाव निघतं. मुंबईहून थेट विमान, साधारण साडेपाच तासांचा प्रवास, घड्याळ फक्त अडीच तास पुढे, इंग्रजीवर सगळीकडे निभावतं, आणि आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना झेपेल असं स्वच्छ, शिस्तीचं शहर. मग एखादं पॅकेज बघितलं जातं. सेंटोसा, युनिव्हर्सल स्टुडिओ, नाइट सफारी, मर्लायन या सिंहमुखी माशाच्या पुतळ्यापुढे फोटो, मुस्तफा या मोठ्या दुकानात खरेदी, की झालं सिंगापूर. या ठिकाणांशी माझं काही वैर नाही. नाइट सफारी तर जरूर करा. पण झोके, पाळणे आणि मॉल जगात कुठेही मिळतात. सिंगापूरचं खरं प्रेक्षणीय स्थळ आहे तो तिथला शेजार. चिनी, मलय, तमिळ आणि इतर कितीतरी माणसं एकाच गल्लीत कशी राहतात, हे बघायला कुठलंही तिकीट लागत नाही. मात्र त्यासाठी सहल जरा वेगळी आखावी लागते. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

सुरुवात तारखेपासून करू. आपण तारीख ठरवतो ती मुलांच्या सुट्ट्या आणि विमानाचं भाडं बघून. ते चुकत नाही, पण त्यासोबत तिथल्या सुट्ट्यांची यादीही बघा. वर्षाला ११ सार्वजनिक सुट्ट्या आणि त्यांत चिनी नववर्ष, दोन्ही ईद, बुद्धपौर्णिमा, गुड फ्रायडे, दिवाळी, नाताळ असे सगळ्यांचे सण. हवामानाची फार चिंता नको. विषुववृत्त तिथून जेमतेम दीडशे किलोमीटरवर, त्यामुळे बारा महिने आपल्या कोकणासारखी दमट हवा आणि केव्हाही येणारी सर. नोव्हेंबर ते जानेवारी पाऊस थोडा जास्त. छत्री पिशवीत कायम हवीच, उन्हालाही तीच उपयोगी पडते.

आपल्या शाळांच्या दिवाळीच्या सुट्टीत गेलात, तर लिटल इंडिया या भारतीय वस्तीतला सेरंगून रोड रोषणाईने भरलेला असतो. जानेवारी-फेब्रुवारीत जाणार असाल, तर चिनी नववर्ष कुठल्या तारखेला आहे ते आधी बघून घ्या. सणाच्या आदल्या आठवड्यात चायनाटाउनमध्ये नुसती झुंबड असते, लाल कंदील, संत्र्यांची झाडं, सुक्या मेव्याचे ढीग. सणाच्या पहिल्या दोन दिवसांत मात्र अनेक दुकानं आणि खाण्याचे स्टॉल चक्क बंद असतात. पहिल्यांदा जाणारा माणूस नेमका त्या दोन दिवसांत पोचला, तर त्याला शहर रिकामं वाटेल. म्हणून आठवडाभर आधीच जाऊन या. त्याच सुमारास तमिळ लोकांचं थैपुसम येतं, मुरुगनाचा म्हणजे आपल्या कार्तिकेयाचा सण. सेरंगून रोडवरच्या पेरुमाळ मंदिरापासून टँक रोडच्या मुरुगनाच्या देवळापर्यंत भाविक खांद्यावर कावडी घेऊन, अंगात सुया टोचून चालत जातात. लहान मुलं सोबत असतील तर याचा विचार आधी करा.

आपल्या पितृपक्षाच्या थोडं आधी, चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात, तिथे भुतांचा महिना असतो. इमारतींखाली पत्र्याच्या पिंपात पितरांसाठी खोट्या कागदी नोटा जाळतात आणि मोकळ्या जागेत मांडव घालून गाण्यांचे कार्यक्रम होतात. असा कार्यक्रम दिसला तर थांबून बघा, कुणी हटकणार नाही. फक्त पुढची रांग रिकामी दिसली म्हणून तिथे बसू नका. ती पितरांसाठी राखलेली असते.

राहायचं कुठे? माझं मत विचाराल तर मेट्रो स्टेशनपासून पाच-सात मिनिटांत चालत पोचता येईल असं हॉटेल घ्या, खोली लहान असली तरी चालेल. बुगिस, फॅरर पार्क, लिटल इंडिया हा भाग पहिल्या खेपेला फार सोयीचा. १९८७ साली सुरू झालेली तिथली मेट्रो, जिला सगळे एमआरटी म्हणतात, जवळजवळ सगळीकडे नेऊन सोडते. तुमचं टॅप करायचं बँकेचं कार्ड गेटवर टेकवलं की पुरतं. मात्र इथून निघण्यापूर्वी बँकेकडून ते परदेशातल्या वापरासाठी चालू करून घ्या आणि त्यावर किती शुल्क कापतात तेही विचारा. गाडीत खाणंपिणं वर्ज्य, पाण्याचा घोटसुद्धा नाही. ड्युरियन नावाचं उग्र वासाचं फळ नेण्यालाही बंदी आहे, आणि एकदा त्याचा वास घेतलात की हा नियम कुणी केला असेल त्याचे तुम्ही आभार मानाल.

आता येतो माझ्या आवडीच्या भागाकडे. एक अख्खा दिवस काहीही तिकिटं न काढता मोकळा ठेवा आणि पायी फिरा. तीन रस्ते सांगतो.

पहिला, वॉटर्लू स्ट्रीट. बुगिसहून चालत जाता येतं. तिथे क्वान इम या करुणेच्या देवीचं चिनी मंदिर आहे. आत गालिच्यावर माणसं गुडघे टेकून बसलेली असतात, हातात बांबूचं नळकांडं, त्यात आकडे घातलेल्या काड्या. नळकांडं खुळखुळवत राहायचं, एक काडी खाली पडेपर्यंत. मग अर्धचंद्राच्या आकाराचे दोन ठोकळे टाकून देवीला विचारायचं, हेच का उत्तर? आपल्याकडे कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात ना, तसंच. देवळात फोटो काढायला मनाई आहे, तेव्हा मोबाइल खिशात ठेवा. बाहेर पडून काही पावलं चाललात की शेजारीच श्रीकृष्णाचं देऊळ लागतं, १८७० सालचं. क्वान इमचं दर्शन घेऊन निघालेल्या चिनी बायका तिथेही थांबतात. दारासमोर उदबत्त्या खोचायला मोठं पात्र ठेवलेलं आहे, त्यात उदबत्त्या लावतात, हात जोडतात आणि पुढे जातात. कुणी त्यांना अडवत नाही. त्याच रस्त्यावर १८७८ साली बांधलेलं ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिरही आहे.

दुसरा, साउथ ब्रिज रोड. हा चायनाटाउनमधला. इथलं सगळ्यात जुनं हिंदू देऊळ, १८२७ सालचं मारिअम्मन मंदिर, याच रस्त्यावर आहे. त्याच्या गोपुरावरून चिनी वस्तीतल्या एका गल्लीला पॅगोडा स्ट्रीट आणि दुसरीला टेंपल स्ट्रीट अशी नावं पडली. जवळच तमिळ मुसलमानांनी बांधलेली जामे मशीद आहे, म्हणून मॉस्क स्ट्रीट. आणि त्याच रस्त्यावर पुढे बुद्धाच्या दाताचा अवशेष ठेवलेलं भव्य मंदिर, ते अगदी अलीकडचं, २००७ सालचं. चपला काढता-घालता येतील अशाच घाला, बुटाच्या नाड्या सोडण्यात दिवस जाईल. आणि खांदे, गुडघे झाकलेले असू द्या.

तिसरा, अरब स्ट्रीटचा परिसर, कंपोंग ग्लॅम. सुलतान मशिदीचा सोनेरी घुमट लांबूनच दिसतो. त्या घुमटाच्या खाली एक काळसर पट्टा आहे. जरा जवळ जाऊन मान वर करून बघा. ते नक्षीकाम नाही, काचेच्या बाटल्यांचे बूड आहेत ते, एकाला एक लावलेले. १९२०च्या दशकात आताची मशीद बांधायला घेतली, तेव्हा श्रीमंतांनी पैसा दिला आणि गरिबांनी बाटल्या गोळा करून दिल्या. त्यांचाही हात लागावा म्हणून त्या वर चढवल्या. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ टाळून जा.

हे सगळं ऐकून वाटेल, किती आपसूक गोडीगुलाबी! तसं नाही. १९६४ साली याच शहरात चिनी आणि मलय लोकांमध्ये दंगली होऊन माणसं मेली. पुढच्याच वर्षी, ९ ऑगस्ट १९६५ला, सिंगापूर मलेशियातून बाहेर पडलं. त्यानंतर सरकारने हा शेजार अक्षरशः घडवला. आज तिथले दहापैकी जवळपास आठ रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात. १९८९पासून नियम असा की कुठल्या इमारतीत कुठल्या समाजाची किती घरं असावीत याची मर्यादा ठरलेली. एकाच समाजाचा मोहल्ला होऊच द्यायचा नाही. याचा त्रासही होतो. घर विकताना गिऱ्हाईक हवं त्या समाजाचं मिळावं लागतं आणि अल्पसंख्य मालकाला कधी कमी भावात सौदा करावा लागतो. आपल्या मुंबई-पुण्यात घर भाड्याने देताना जात, धर्म, मांसाहार विचारणाऱ्या सोसायट्या आठवल्या, की कोणता त्रास बरा, असा प्रश्न मला पडतो. एखाद्या संध्याकाळी टोआ पायोहसारख्या साध्या वसाहतीत उतरा आणि इमारतींखालच्या मोकळ्या जागेत नुसते फिरा. एका मांडवात मलय लग्न, पलीकडे बुद्धिबळ खेळणारे म्हातारे, हे दृश्य पॅकेजमध्ये नसतं.

रविवार असेल तर संध्याकाळी लिटल इंडियात जा. तमिळनाडूतून आणि बांगलादेशातून आलेले हजारो बांधकाम मजूर त्या दिवशी तिथे जमतात. घरी पैसे पाठवतात, गवतावर बसून गप्पा मारतात. मरीना बेच्या उंच इमारती बघाल तेव्हा त्या बांधणारे हात कुणाचे, तेही बघितलेलं बरं. २०१३ साली एका भारतीय मजुराचा बसखाली मृत्यू झाला आणि तिथे दंगल उसळली. तेव्हापासून त्या भागात उघड्यावर दारू पिण्याचे नियम जास्त कडक आहेत.

आता पोटाचं. खाण्यासाठी हॉकर सेंटर. मोठं छप्पर, खाली अनेक छोटे स्टॉल, मध्ये टेबलं. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या संस्कृतीला वारशाचा मान दिला. टेबलावर नुसतं टिश्यूचं पाकीट पडलेलं दिसलं तर ती जागा धरलेली समजा, आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायचे त्यातलाच प्रकार. खाऊन झालं की ताट स्वतः नेऊन ठेवायचं, नाही ठेवलं तर दंड होऊ शकतो. आणि बऱ्याच ठिकाणी ताटं ठेवायची घडवंचीही दोन असतात, एक हलाल स्टॉलच्या ताटांसाठी, एक बाकीच्यांसाठी. पाटी वाचूनच ठेवा.

शाकाहारी मंडळींनी जरा कान द्या. चिकन राइस घेऊन 'चिकन बाजूला काढू, भात खाऊ' असं करू नका, तो भातच कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असतो. योंग ताउ फू नावाच्या स्टॉलवर भेंडी, कारलं, मिरची ओळीने मांडलेली दिसेल. हरखून जाऊ नका, त्यांच्या पोटात माशाचं सारण असतं. लाक्सा या नारळाच्या रश्श्यातल्या नूडल्समध्ये आणि सांबल या मिरचीच्या चटणीत बहुधा कोळंबी असते. मग खायचं काय? चिनी बौद्धांचे शाकाहारी स्टॉल शोधा. तिथे मांस नाहीच, पण बहुधा कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे आपल्या जैन मित्रांचीही सोय होते. फक्त अंडं आहे का ते विचारा. लिटल इंडियात टेक्का सेंटर आहे, डोसा-इडलीला तोटा नाही. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटली भरून घ्या. मोठ्या हॉटेलात दरपत्रकावर किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं दिसली तर दहा टक्के सेवाशुल्क आणि नऊ टक्के कर वेगळा धरा. हॉकर सेंटरमध्ये ती भानगड नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. तो अधिकृत एजंटामार्फत करा, शिक्का नाही, ई-व्हिसा येतो. शिवाय पोचण्याआधीच्या तीन दिवसांत अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. ते सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे, पैसे मागणारी जागा दिसली तर तिथून निघा. प्लगला आपली गोल पिन चालत नाही, चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर न्या.

राहिली बॅग. च्युइंगगम नको, १९९२पासून त्याची आयात बंद आहे. गुटखा, खैनी, ई-सिगारेट अजिबात नको. सिगारेटला करमाफी नाही, एखादं पाकीट असलं तरी जाहीर करावं लागतं. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेत असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी हवी आणि आधी परवानगी लागते का ते बघा. अमली पदार्थांचा कायदा तिथे फार कडक आहे, थेट फाशीपर्यंत जातो, आणि खसखससुद्धा त्यांच्या अमली पदार्थ विभागाच्या नजरेखाली येते. तेव्हा दिवाळीत जाणार असाल तर चकली, चिवडा, शंकरपाळे खुशाल न्या. अनारसे मात्र इथेच खाऊन निघा.

नमस्कार.