तीन आकडी जन्मसाल

[दृश्य: रात्र. बाल्डर्स गेट शहरातलं कब्रस्तान. कॅमेरा एका थडग्यापाशी येऊन थांबतो.]

निवेदन:

दगडावर नाव आहे अ‍ॅस्टेरियन अँकुनिन. खाली दोन सालं, २२९ आणि २६८. म्हणजे गेला तेव्हा गृहस्थ अवघा ३९ वर्षांचा. पंचाईत एवढीच की हा गेलेला गृहस्थ आपल्या शेजारीच उभा आहे. कुरळे पांढरे केस, लाल डोळे, आणि तोंडाचा पट्टा बहुधा चालूच.

‘बाल्डर्स गेट ३’ हा व्हिडिओ गेम अजून पुरा खेळला नसेल, तर व्हिडिओ इथेच थांबवा. पुढे बरंच काही फुटणार आहे.

[दृश्य: गेमच्या सुरुवातीचा समुद्रकिनारा, कोसळलेलं जहाज.]

लॅरियन स्टुडिओजचा हा गेम ३ ऑगस्ट २०२३ रोजी पीसीवर पूर्ण स्वरूपात आला. त्याआधी ऑक्टोबर २०२० पासून त्याचा सुरुवातीचा भाग अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे गेम पुरा होण्याआधीच, खेळता येत होता, आणि अ‍ॅस्टेरियन या त्यातल्या व्हॅम्पायर पात्रावर जीव टाकणारी मंडळी तेव्हापासूनची. त्याला आवाज आणि देहबोली देणाऱ्या नील न्यूबॉनला डिसेंबर २०२३ मध्ये द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट अभिनयाचा पुरस्कार मिळाला. एवढ्या लाडक्या पात्राचं वय कुणी मोजणार नाही, असं कसं होईल?

मोजायला बसलं की पहिलाच हिशेब फसतो. गेमची गोष्ट घडते त्या काल्पनिक जगातल्या डेल कालगणनेच्या १४९२ साली. त्यातून २२९ वजा केले तर अ‍ॅस्टेरियन १,२६३ वर्षांचा निघतो. तो स्वतः मात्र सांगतो की काझाडोर झार नावाच्या व्हॅम्पायरची गुलामी त्याने सुमारे दोनशे वर्षं केली. मग मधली हजार वर्षं गेली कुठे? चाहत्यांच्या एका गटाने ही हजार वर्षं भरून काढायला काय काय रचलं! कुणी म्हणालं तो खोटं बोलतोय, कुणी म्हणालं काझाडोरच्या आधी त्याचा आणखी कुणी मालक होता.

माझ्या मते हा सगळा उद्योग फुकट आहे. दगडावर सालाचा पहिला आकडा गाळलाय, बस. ‘अठ्ठ्याण्णव साली’ म्हटल्यावर कुठलं शतक ते कुणी विचारतं का? १२२९ ते १२६८ असं वाचा. १४९२ मधून १२६८ गेले, उरले २२४. दोनशे वर्षांची गुलामी तिथे नीट बसते, आणि जन्मापासून मोजलं तर वय होतं २६३. व्हॅम्पायरच्या मानाने तसा पोरसवदाच.

[दृश्य: अ‍ॅस्टेरियनचा चेहरा, अगदी जवळून.]

खरी कडाक्याची भांडणं होतात ती ३९ या आकड्यावरून. अ‍ॅस्टेरियन एल्फ आहे, म्हणजे माणसासारख्या दिसणाऱ्या पण खूप जगणाऱ्या एका कल्पित वंशातला. गेम ज्या नियमांवर उभा आहे, त्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत एल्फ साडेसातशे वर्षांपर्यंत जगू शकतो आणि शंभरीच्या आसपास स्वतःला प्रौढ म्हणवून मोठेपणीचं नाव घेतो. झालं! मेला तेव्हा तो पोरच होता, असं म्हणणारे उभे राहिले. पण त्याच परिच्छेदात असंही लिहिलंय की एल्फचं शरीर माणसाच्याच वयात वाढून पूर्ण होतं. शंभरीचा संबंध जगाच्या अनुभवाशी आहे, हाडामासाशी नाही. ३९ वर्षांचा एल्फ त्याच्या वडीलधाऱ्यांना पोरगेला वाटेल, पण तो लहान मूल नक्कीच नाही. हा वाद करणारे निम्मे लोक परिच्छेदाचं पहिलं वाक्य वाचतच नाहीत, असा मला दाट संशय आहे.

तरी एक गोष्ट खटकतेच. हा चेहरा बघा. डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या, हसला की गालावर उमटणाऱ्या रेषा. व्हॅम्पायर झाल्यावर वय थांबतं, म्हणजे या रेषा मरणाआधीच्या. मग साडेसातशे वर्षं जगू शकणाऱ्याच्या चेहऱ्यावर चाळिशीच्या आतच त्या आल्या कशा? यावरून काहीजण म्हणतात, दगडावरचं जन्मसालच खोटं आहे आणि मरताना तो दोन-तीनशे वर्षांचा तरी असावा. तर्क चांगला आहे, पण मला पटत नाही. गेममधले चेहरे खऱ्या माणसांच्या चेहऱ्यांसारखे घडवलेत, आणि जिवंत वाटायचं तर चेहऱ्याला रेषा लागतातच.

[दृश्य: मुक्काम. अ‍ॅस्टेरियनच्या हातात आरसा. आरशात फक्त मागची झाडं.]

त्याच्या पूर्वायुष्याबद्दल गेम फार थोडं सांगतो. तो शहरात मॅजिस्ट्रेट होता. गुर नावाच्या भटक्या जमातीच्या लोकांनी त्याला मरेस्तोवर मारलं. ऐन वेळी काझाडोर आला, हल्लेखोरांना पळवून लावलं आणि अमर करतो म्हणाला. ‘ऐन वेळी’ हे दोन शब्द चाहत्यांच्या घशाखाली उतरत नाहीत. हल्ला काझाडोरनेच घडवून आणला होता, ही अटकळ फार लोकप्रिय आहे. तिला गेममध्ये थेट पुरावा नाही, पण काझाडोरचा एकूण स्वभाव बघता ती कुणाला अशक्य वाटत नाही. दुसरी अटकळ मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीबद्दलची. चाळिशीच्या आत ती खुर्ची मिळाली म्हणजे घराणं वजनदार असणार, किंवा हात बरबटलेले असणार. मला दोन्ही एकदम खरं वाटतं.

आरशाचा हा प्रसंग मात्र नीट बघण्यासारखा आहे. व्हॅम्पायरला प्रतिबिंब नसतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण इथे त्याचा परिणाम दाखवलाय. पूर्वी डोळ्यांचा रंग कोणता होता, हे त्याला आठवत नाही. स्वतःचा चेहराही आठवत नाही. एकदा त्याने एका मुलाला काझाडोरच्या हवाली करायचं टाळलं. शिक्षा म्हणून त्याला वर्षभर एका थडग्यात कोंडलं गेलं. एवढं सोसलेला माणूस ‘दोनशे वर्षं’ म्हणतो, तेव्हा त्याने दिवस मोजलेले नसतात. तरीही कॅल्क्युलेटर घेऊन बसलेले लोक त्याचं तोंडचं वाक्य आणि दगडावरचा आकडा साक्षीपुराव्यासारखे समोरासमोर उभे करतात.

[दृश्य: पुन्हा कब्रस्तान. दगडावरच्या नावावर प्रकाश.]

आणि या आकडेमोडीत एक साधा प्रश्न मागे पडतो. हा दगड बसवला कुणी?

काझाडोरने बसवला नसावा. ज्याला मालमत्ता समजून वागवायचं, त्याच्या नावाचा दगड तो कशाला घडवेल? अँकुनिन हे आडनाव आणि जन्मसाल माहीत असलेलं, पाथरवटाला पैसे देणारं आणि दफनाला उभं राहणारं कुणीतरी होतं. आई, भाऊ, बायको, कचेरीतला कारकून, कुणीही. एल्फांच्या आयुष्याचा हिशेब लावला तर ते माणूस १४९२ मध्येही जिवंत असू शकतं, कदाचित त्याच शहरात. गेममध्ये ते कधीच भेटत नाही. काझाडोर संपल्यावर, अ‍ॅस्टेरियनला त्याच्यासारखं होण्यापासून परावृत्त केलेलं असेल आणि खेळणाऱ्याच्या पात्राचं त्याच्याशी प्रेम जुळलेलं असेल, तर तो आपल्याला इथे घेऊन येतो. शवपेटी फोडून, माती उकरून तो स्वतः कसा बाहेर आला ते सांगतो. दगड कुणी लावला, हा विषय निघतच नाही.

त्याची गोष्ट लिहिणाऱ्यांनी ही जागा मुद्दाम रिकामी ठेवली, की त्यांच्याही लक्षात आलं नाही? मार्च २०२४ मध्ये लॅरियनने जाहीर केलं की या गेमचा विस्तारही ते काढणार नाहीत आणि पुढचा भागही करणार नाहीत. त्यामुळे तो पाथरवटाचे पैसे देणारा माणूस आता चाहत्यांच्या ताब्यात आहे, आणि त्यांनी एव्हाना त्याला एक बहीण, दोन मामा आणि एक मोडलेलं लग्न चिकटवलेलं असलं तर मला नवल वाटणार नाही.