शेवटची दोन मिनिटं

श्रोतेहो, नमस्कार.

उद्या नवमी. भाद्रपद वद्यातली, अविधवा नवमी म्हणतात ती. आमची आई गेली तेव्हा वडील होते, म्हणून तिचं पान या दिवशी. वहिनी पहाटेपासून राबेल. अळूची भाजी, वडे, खीर. खरं तर आईला खीर आवडायची नाही. 'गिळगिळीत काय खायाचं' म्हणायची आणि भाकरी-ठेचा घेऊन बसायची. पण पितरांच्या पानावर ठेचा कोण वाढणार? दरवर्षी खीरच जाते, आणि कावळाही आधी खिरीलाच चोच लावतो.

असो. मला सांगायचंय ते एका कॅसेटबद्दल.

आमचं गाव मुळशीच्या डोंगरातलं. १९८६ साली थोरल्या बहिणीचं लग्न निघालं. गावात पिठाची गिरणी येऊन तोवर बरीच वर्षं झाली होती, जातं पडवीच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेलं. हळदीसाठी ते काढलं, धुतलं, खुंट्याला हळकुंड-सुपारी बांधली. आई आणि चुलती समोरासमोर बसल्या. मामानं मुंबईहून टू-इन-वन आणला होता. मी त्यात कोरी कॅसेट घातली आणि दोन बटणं एकदम दाबली.

त्याआधी मी एकदा वही-पेन घेऊन आईपुढं बसलो होतो. 'ओव्या सांग, लिहून घेतो.' तिला एक आठवेना. 'जात्याबिगर कशी सांगू रं?' म्हणाली. जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण आपण कशालाही लावतो. मी ती त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली. एका हातानं खुंटा, दुसऱ्या हातानं घास. दगडानं फेर धरला, घरघर एका लयीत आली आणि ओळ आपसूक बाहेर पडली. आधी पंढरी, मग भाऊ, माहेर. आणि मग तिची आई. आजीला जाऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली असतील. एरवी आई तिच्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. जात्यावर मात्र ती तिला हाका मारत होती, आणि चुलती ओळ झेलून पुन्हा म्हणत होती. अर्ध्या तासात कॅसेटची एक बाजू भरली.

कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचे दोन बारीक कान असायचे, आठवतात? ते मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नसे. नखानंसुद्धा मोडायचे. मी मोडले नाहीत.

वर्षा-दीड वर्षानं एका रात्री रेडिओवर 'आपली आवड' लागलं होतं आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. रेडिओची गाणी उतरवताना मी आईचा आवाज पुसला, आणि आज रेडिओवरच ते सांगतोय.

आईला कळलं तेव्हा हसली. 'पुन्यांदा म्हणीन की!' पण धाकट्याच्या लग्नात हळद पाकिटातून आली. जातं कुणी काढलंच नाही.

बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, कागदावर उतरवून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि पुढच्याच वर्षी ती गाणी छापून निघाली. त्यांना सोपानदेव मिळाले, आमच्या आईला मी.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून बायकांच्या ओव्या जमवल्या. आमच्या मुळशीतही ते हिंडले. पुढं हजाराहून अधिक गावं झाली आणि ओव्या लाखाच्या वर गेल्या. आता त्या 'पारी'च्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. आई गेल्यावर मी रात्र रात्र त्या ऐकत बसायचो. एखादीच्या तोंडून आईची ओळ येईल म्हणून. येतेही. कधी अर्धी ओळ, कधी नुसती चाल. ओवी कुणा एकीची नसतेच, सासुरवाशिणींबरोबर ती गावोगाव जाते. पण आवाज ज्याचा त्याचा असतो, तो कुठून आणायचा?

गेल्या वर्षी वहिनीला माळ्यावर ती कॅसेट सापडली. टेपरेकॉर्डर दुरुस्त करून देणारा माणूस शोधण्यातच महिना गेला. लावली. गाण्यांमागून गाणी, मधेच निवेदिकेचा आवाज, फर्माईश पाठवणाऱ्यांची नावं. मी उठून बंद करणार, तेवढ्यात 'खट्ट' झालं. त्या रात्री बाजू संपायच्या आधीच कार्यक्रम संपला असणार, मी बटण दाबलं असणार. त्याच्या पुढं जेमतेम दोन मिनिटांची फीत शिल्लक होती. तेवढीच मी पुसलेली नव्हती.

घरघर ऐकू आली. ओवी नाही, ओव्या म्हणून झाल्या होत्या. चुलती कुणाला तरी चाळण मागतेय. बांगड्या वाजतायत. मग जातं हळू होत थांबतं, आई हात झटकते आणि माझ्याकडं बघून म्हणते, 'झालं. बंद कर रं ते आता, शेल उतरत्याल उगा.'