काळं देऊळ, पांढरं धोतर आणि चार जुने मीटर

(दृश्य: गोदाघाट, दुपार. नारोशंकराच्या देवळासमोरचा कठडा. कठड्यावर चार कॅमेरे.)

नाशिकचं दुपारचं ऊन भल्याभल्या कॅमेऱ्यांना चकवतं. पाठीशी नारोशंकराचं काळ्या दगडाचं देऊळ, पुढ्यात पायऱ्यांवर वाळत घातलेली पांढरी धोतरं, आणि मध्ये डोळे दिपवणारं गोदेचं पाणी. एकाच फोटोत हे सगळं बसवायचं तर उजेड नेमका कशाचा मोजायचा?

कठड्यावर चार रेंजफाइंडर मांडलेत. किएव 4, याशिका इलेक्ट्रो 35 जीएसएन, कॅनोनेट क्यूएल17 जी-थ्री आणि ऑलिम्पस 35 एसपी. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघत नाही, वरच्या खिडकीतून, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधून बघतो. मधल्या पिवळसर ठिपक्यात दोन प्रतिमा दिसतात, त्या एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. इथवर चौघांचं एकमत आहे. भांडण आहे ते उजेडावरून, कारण प्रत्येकाच्या अंगातला मीटर, म्हणजे उजेड मोजणारं यंत्र, वेगळ्या तऱ्हेचा आहे.

चौघांतही 100ची फिल्म भरली आहे, आणि ती मुद्दाम. हा आकडा जितका मोठा, तितका फिल्मला उजेड कमी पुरतो. 400ची घातली असती तर या उन्हात एफ 16 (लेन्सचं बारीक छिद्र) आणि 1/500 (सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरतं शटर) लावावं लागलं असतं, आणि तिथेच किएव सोडून बाकी तिघांची हद्द संपते.

(दृश्य: किएवचं डोक्यावरचं झाकण उघडतं. सुई हलते.)

किएव हा या चौघांतला सगळ्यात जुन्या घराण्याचा. त्याचं मूळ जर्मनीच्या कॉन्टॅक्समध्ये. कॅमेऱ्याच्या अंगातच प्रकाशमापक असलेला पहिला रेंजफाइंडर म्हणजे 1936चा कॉन्टॅक्स III. युद्धानंतर कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री सोव्हिएत संघात गेली आणि तोच कॅमेरा किएव नावाने निघू लागला. झाकणाखाली सेलेनियमची पट्टी आहे. उजेड पडला की ती स्वतःच वीज तयार करते, बॅटरीची गरजच नाही. मात्र सुईचा आणि शटरचा एकमेकांशी काही संबंध नाही. चकती फिरवून सुई खुणेवर आणायची, आकडे वाचायचे आणि आपल्या हाताने लेन्सवर लावायचे. वेळखाऊ काम, पण सुई काय म्हणते ते ऐकून वेगळं काही करायला इथे कोणी अडवत नाही. संध्याकाळ झाली की हा मीटर मान टाकतो. शिवाय सेलेनियम म्हातारं होतं. विकत घेताना पट्टीवर तळवा ठेवावा, मग आकाशाकडे धरावं. सुई आळसावलेली वाटली तर कॅमेरा मीटर नसलेला समजूनच भाव करावा.

(दृश्य: याशिका. व्ह्यूफाइंडरमध्ये लाल बाण पेटतो.)

1973चा याशिका जीएसएन अगदी उलट स्वभावाचा. इथे कॅडमियम सल्फाइडचा डोळा आहे, त्याला बॅटरी लागते. तुम्ही फक्त अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते निवडायचं, शटर किती वेळ उघडायचं ते तो ठरवतो आणि किती ठरवलं ते सांगतही नाही. लाल दिवा म्हणजे उजेड फार झाला, पिवळा म्हणजे शटर हळू चालणार, हात स्थिर ठेवा. यापलीकडे संभाषण नाही. नेहमीच्या फोटोसाठी शटर स्पीड हाताने लावायची सोयही नाही, आणि बॅटरी संपली की तो मुकाट 1/500 वर चालतो.

देवळाच्या दाराशी पांढऱ्या धोतरातले एक आजोबा बसलेत. याशिकाच्या डोळ्याला चौकटभर काळा दगडच दिसतो. समोर काय आहे हे मीटरला कळत नाही, जे दिसेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून तो चालतो. म्हणजे दगड करडा होईपर्यंत उजेड आत घेणार, आणि तोवर आजोबांचं धोतर फोटोत नुसता पांढरा डाग होऊन जाणार. गोदेला पूर आला की आम्ही नाशिककर घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. पाणी कमरेला लागलं की छातीला, त्यावरून पुराचा अंदाज येतो, पण भांडीबाजारात कुणाच्या दुकानात किती शिरलं ते तिथे जाऊनच बघावं लागतं. मीटरची सुईही असा एकच आकडा सांगते.

याशिकावर उपाय आहे, जरा आडवळणाचा. एएसएची, म्हणजे फिल्मचा आकडा सांगायची चकती 100 वरून 400 वर न्यायची. उजेड दोन स्टॉपनी कमी होतो (एक स्टॉप म्हणजे निम्मा), दगड काळा राहतो, धोतर वाचतं. नंतर चकती जागेवर आणायला विसरलात तर उरलेल्या रोलची जबाबदारी तुमची.

(दृश्य: कॅनोनेटच्या लेन्सभोवतीचं वर्तुळ, त्यातला छोटा डोळा.)

1972च्या कॅनोनेटमध्ये शटर तुम्ही ठरवता, अ‍ॅपर्चर तो. 1/250 लावून देवळाकडे धरला, सुई 5.6 च्या आसपास. उन्हातल्या पायरीकडे वळवला, सुई 11 वर. दोन स्टॉपचा फरक डोळ्यांदेखत. आता पायरीवरच बटण अर्धं दाबून धरायचं, सुई तिथे अडकते. मग कॅमेरा आजोबांकडे वळवायचा आणि पूर्ण दाबायचं. याशिकाच्या चकतीपेक्षा हे कितीतरी सुटसुटीत.

डोळा कुठे बसवलाय, यालाही महत्त्व आहे. कॅनोनेटचा डोळा लेन्सच्या कड्यातच असल्यामुळे वर पिवळा फिल्टर लावला तर डोळ्यावरही तोच येतो, हिशेब आपोआप होतो. याशिकाचा डोळा वर, अंगावर आहे. तिथे फिल्टरचा हिशेब तुम्ही करायचा. कॅनोनेटची खोड वेगळी. ऑटोवर असताना सुई लाल पट्ट्यात गेली की बटणच दाबलं जात नाही. आणि ऑटोवरून काढून अ‍ॅपर्चर हाताने लावायला गेलात की मीटर बंद. ज्या वेळी सल्ला हवा, नेमका त्याच वेळी तो गप्प बसतो, हे मला तरी पटलेलं नाही.

(दृश्य: ऑलिम्पसच्या पाठीवरचं बटण. अंगठा त्यावर येतो.)

आणि हा 1969चा ऑलिम्पस 35 एसपी. पाठीमागचं हे बटण दाबलं की मीटर चौकटीच्या मधला, साधारण सहा अंशांचा तुकडाच मोजतो. त्या काळच्या लेन्स न बदलणाऱ्या रेंजफाइंडरमध्ये ही चैन दुर्मीळ होती. बटण दाबून थेट धोतरावर धरलं, आत ईव्हीचा, म्हणजे उजेड किती ते एका संख्येत सांगणारा आकडा आला 17. मीटर पांढऱ्यालाही करडंच समजतो, म्हणून आपण दोन स्टॉप खाली उतरायचं. लेन्सवर 15 जुळवायचे, म्हणजे एफ 11 आणि 1/250. धोतर पांढरं, दगड काळा. कॅनोनेटला पायरीवरून मिळालेलं उत्तरही हेच होतं, फक्त इथे पायरी शोधावी लागली नाही.

फाळक्यांनी 1913 नंतर नाशिकला चित्रपट काढले तेव्हा ही सुई जगात कुठेच नव्हती. सेलेनियमचे हाती धरायचे मीटर आले 1930 च्या दशकात. तोवर ऊन, सावली आणि अंदाज!

(दृश्य: संध्याकाळ. रामकुंड, आरतीचे दिवे.)

अंधार पडल्यावर मात्र पारडं फिरतं. कॅनोनेटचं शटर 1/4 च्या खाली जात नाही. किएवची सुई कधीच झोपली. याशिका कठड्यावर ठेवा, पिवळ्या दिव्याकडे दुर्लक्ष करा, बटण दाबा आणि श्वास रोखा. तो लागेल तेवढा वेळ, अगदी 30 सेकंदांपर्यंत, शटर उघडं ठेवतो. दिवसभर ज्याला नावं ठेवली तोच रात्री कामाला येतो.

(दृश्य: बॅटरीचं झाकण, चिमट्यात सेल.)

राहिला सेलचा प्रश्न, आणि खरी डोकेदुखी हीच. कॅनोनेट आणि ऑलिम्पस बेतलेले आहेत 1.35 व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर, आणि ते सेल आता बनत नाहीत. दीड व्होल्टचा साधा अल्कलाइन घातला तर सुई जास्त उजेड दाखवते आणि फोटो काळवंडतात. त्यात सेल उतरत जाईल तशी चूकही बदलत जाते. त्यावर तोडगा म्हणजे श्रवणयंत्राचा 675 नंबरचा सेल, 1.4 व्होल्टचा. त्यावरचा स्टिकर काढला की हवा आत शिरते आणि कॅमेरा वापरा न वापरा, काही आठवड्यांत तो संपतो. म्हणून फोटो काढायला निघतानाच स्टिकर काढायचा. याशिकाला पूर्वी 5.6 व्होल्टचा लागायचा, आता लोक 6 व्होल्टचा घालून उरलेली जागा स्प्रिंगने भरतात आणि तो कुरकुरत नाही.

जुना याशिका घेताना आणखी एक करावं. तरफ ओढून रोल पुढे घ्यावा आणि कान द्यावा. आतून 'टक्' असा आवाज आला तर आतलं रबर शाबूत आहे. आला नाही तर ते विरघळलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि मग मीटर कितीही हुशार असला तरी एक्सपोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड, भलताच येणार.

माझ्यापुरता निकाल असा: दिवसाच्या घाटासाठी ऑलिम्पस, रात्रीच्या आरतीसाठी याशिका. पहिल्यांदाच फिल्म हाताळणाऱ्याच्या हातात मी कॅनोनेट देईन, अर्धं बटण दाबून धरायला शिकवल्यावरच.