बॉयलर पेटत नाही, तेव्हा त्याला अडवते कोण?

मित्रहो, ज्यांची घरे नव्या वसाहतींत आहेत त्यांच्याकडे गरम हवेची भट्टी असणार, आणि त्यांना पुढचा अर्धा तास थोडा कंटाळा येणार, हे मी आधीच मान्य करतो. माझे बोलणे आहे ते न्यू जर्सीतल्या जुन्या गावांत शंभर वर्षांपूर्वीची लाकडी घरे विकत घेतलेल्यांशी. त्यांच्या तळघरात ओतीव लोखंडाचा वाफेचा बॉयलर असतो, खोल्याखोल्यांत जड रेडिएटर असतात, आणि जानेवारीतल्या एखाद्या पहाटे जाग येते तेव्हा ते सगळे थंडगार पडलेले असते.

माझ्या नोकरीची सुरुवात सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये झाली. तिथे वाफेचा दाब चौरस सेंटिमीटरला पंचेचाळीस किलोच्या घरात असे. घरच्या बॉयलरचा दाब त्याच मापाने किलोच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे इथल्या हिशेबाने जेमतेम दीड पीएसआय (चौरस इंचाला पौंड) असतो, आणि त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह १५ पीएसआयला उघडतो. एवढा फरक असूनही पाळीवर आल्या आल्या फायरमन जो प्रश्न विचारी, तोच घरातही पहिला विचारायचा असतो: पाणी किती आहे? पन्नाशीपुढच्यांना न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवत असेल. पाणी पाहिल्याशिवाय त्यात कोणी विस्तव घालत नसे, कारण कोरड्या बंबाचे झाळलेले सांधे सुटत. ओतीव लोखंडाचे त्याहून वाईट: कोरडे तापलेल्या बॉयलरमध्ये घाबरून थंड पाणी सोडले, तर तो तडकतो आणि मग बॉयलरच बदलावा लागतो. म्हणून पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी, म्हणजे गेज ग्लास, रिकामी दिसली तर आधी वीज बंद करावी, बॉयलर पूर्ण निवू द्यावा आणि त्यानंतरच पाणी घालावे, मग त्यासाठी दोन-तीन तास कुडकुडावे लागले तरी चालेल.

आता मूळ प्रश्न. बॉयलर पेटत नाही म्हटले की आपण तो बिघडला असे धरून चालतो. वस्तुतः बहुतेक वेळा त्याला कोणीतरी अडवलेले असते. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की २४ व्होल्टचा प्रवाह एका ओळीत बसवलेल्या स्विचांमधून जातो: दाब पाहणारा प्रेशरट्रोल, पाणी पाहणारा लो वॉटर कटऑफ, ज्वाळा बाहेर आली का हे पाहणारा रोलआउट स्विच, धुराड्यातली झडप म्हणजे डॅम्पर, आणि सर्वांत शेवटी गॅस व्हॉल्व्ह. यांतल्या एकाने जरी वाट अडवली तरी व्हॉल्व्ह उघडत नाही. तेव्हा ‘हा सुरू कसा करू?’ असे न विचारता ‘याला कोणी आणि कशासाठी अडवले?’ असे विचारत खाली उतरावे. तळघरात गॅसचा वास आला, तर मात्र हा प्रश्नही विचारू नये. कोणत्याही बटणाला हात न लावता घराबाहेर पडावे आणि फोन बाहेरून करावा.

पहिली अडवणूक बहुधा जिन्याच्या तोंडाशी सापडते. तिथे लाल पट्टीचा एक स्विच असतो. तो संकटकाळी बॉयलर बंद करण्यासाठी असतो. आमच्या घरी आधीच्या मालकाने ती लाल पट्टी भिंतीच्या रंगात रंगवून टाकली होती. माझी आई साताऱ्याहून आली होती. तळघरात दिवा उगाच जळतो आहे, असे वाटून तिने रात्री झोपण्यापूर्वी शिस्तीत ते बटण बंद केले. पहाटे साडेचारला मी थर्मोस्टॅटचे सेल बदलले, फ्यूज तपासले, अर्धा बॉयलर उघडून बसलो, आणि आई वरून विचारत होती की एवढ्या थंडीत मी खाली करतो आहे तरी काय. तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे: आधी हा लाल स्विच, मग सर्किट ब्रेकर, मग थर्मोस्टॅटचे सेल, आणि हे तिन्ही झाल्याशिवाय पेचकस हातात घ्यायचा नाही.

यानंतर येते ती गेज ग्लास, आणि तिच्यापाशी मी जरा रेंगाळणार आहे. पाणी काचेच्या मध्यावर किंवा थोडे वर असावे, हे सगळ्यांना ठाऊक असते. काच खोटे बोलू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बॉयलर चालू असताना काचेतले पाणी किंचित खालीवर हलले पाहिजे. ते चित्रातल्यासारखे स्थिर असेल, तर काचेची खालची वाट गाळाने बुजलेली असू शकते आणि आपण पाहतो ते कालचे पाणी असते. याच्या उलटही घडते. आमच्याकडे एका हिवाळ्यात काच निम्मी भरलेली होती, पाणी हलतही होते, तरी कटऑफचा लाल दिवा जळत होता. फोनवरच्या तंत्रज्ञाने न पाहताच कंट्रोल गेला असे सांगून नव्याची किंमतही सांगितली. मी वीज बंद केली, बॉयलर निवल्यावर पाण्याची पातळी खाली आणली आणि कटऑफची सळई बाहेर काढली. बोटभर लांबीच्या त्या सळईवर क्षाराचा असा राखाडी थर बसला होता की पाण्यात बुडूनही तिला पाणी लागत नव्हते. सळई घासून परत बसवली आणि बॉयलर पेटला.

काही बॉयलरांत सळईऐवजी तरंगणारा गोळा असतो. त्याच्याखालचा व्हॉल्व्ह हिवाळ्यात आठवड्यातून एकदा उघडून पाणी बादलीत सोडावे लागते. पहिले पाणी नाचणीच्या आंबिलीसारखे तांबूस आणि दाट येते. ते निवळेपर्यंत सोडावे. हे बॉयलर पेटलेला असताना केले, तर गोळा खाली जाताच आग विझली पाहिजे. ती विझली नाही, तर तो बॉयलर त्या घटकेपासून वापरू नये, कारण पेटणारा पण थांबवता न येणारा बॉयलर हा न पेटणाऱ्यापेक्षा कितीतरी वाईट. पाणी वारंवार कमी होत असेल, तर निवलेल्या वाफेचे पाणी जमिनीखालून परत आणणारी नळी गळत असण्याची शक्यता मोठी. अशा गळतीने बॉयलर एकदम रिता होऊ नये म्हणून हार्टफोर्डच्या बॉयलर विमा कंपनीने १९१९ मध्ये जी जोडणी सुचवली, ती आपण आपल्या बॉयलरच्या बाजूला नळ्यांचा वळसा म्हणून रोज पाहतो.

प्रेशरट्रोल ही राखाडी डबी वेटोळ्या नळीवर बसलेली असते. इथले लोक त्या नळीला पिगटेल म्हणतात. ती गंजाने बुजली की आत दाब अडकून राहतो आणि बॉयलर थंड असूनही डबीला दाब असल्याचा भास होतो. नळी काढून तारेने साफ केली की काम भागते. डॅम्परचे दुखणे वेगळे. त्याची मोटर गुणगुणते, झडप पूर्ण उघडत नाही, आणि उघडल्याचा निरोप मिळेपर्यंत गॅस येत नाही. हे हुडकण्यासाठी व्होल्टमीटरचे एक टोक ट्रान्सफॉर्मरच्या कॉमनवर, म्हणजे परतीच्या तारेवर, ठेवून दुसरे ओळीने पुढे सरकवावे. ज्या स्विचच्या अलीकडे २४ व्होल्ट दिसतात आणि पलीकडे शून्य, त्याने अडवले आहे. मात्र सगळ्यांच्या घरी हे २४ व्होल्टच असतील असे नाही. तेलाच्या बॉयलरांत याच स्विचांतून १२० व्होल्ट जातात, तेव्हा खात्री नसेल तर मीटर खिशातच ठेवावा.

अडवणारा सापडला म्हणून त्याला तार जोडून बगल देण्याचा मोह अजिबात करू नये. विशेषतः रोलआउट स्विच उडाला असेल, तर धुराडे पक्ष्याच्या घरट्याने किंवा पडलेल्या विटेने बुजले असेल, आणि ज्वाळेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही घरात येत असेल. इथून पुढचे काम जाणकाराचे.

सतत जळणारा पायलट, म्हणजे बर्नर पेटवणारी छोटी ज्योत, असेल तर तो विझला आहे का पाहावे. पेटवल्यावर बटण सोडताच तो पुन्हा विझत असेल, तर बहुधा थर्मोकपल गेलेला असतो. एरवी तो ज्वाळेत तापून सुमारे ३० मिलिव्होल्ट देतो आणि तेवढ्या विजेवर गॅसची वाट उघडी राहते. तेलाच्या बॉयलरवरचे लाल रिसेट बटण एकदाच दाबावे. ते पुन्हा पुन्हा दाबले की दर वेळी थोडे न जळलेले तेल आत साचते आणि शेवटी पेटते तेव्हा भडका उडून घरभर काजळी पसरते. त्याआधी टाकीत तेल आहे का, एवढे मात्र पाहून घ्यावे.

आणि बॉयलर पेटला म्हणून लगेच वर जाऊन झोपू नका. खुर्ची घेऊन तळघरात बसा. ज्वाळा निळी आणि स्थिर आहे का पाहा, काचेतले पाणी हलू लागते का पाहा, मग वाफ वर नेणाऱ्या जाड नळीवर हात ठेवत तिच्या कडेने चालत जा. एका ठिकाणी हाताला चटका बसेल आणि पुढे नळी थंड असेल. तिथवर वाफ आली आहे. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरची हवा बाहेर सोडणारा व्हेंट फुसफुसू लागेल, मग टक् करून गप्प होईल आणि रेडिएटरची पहिली कांडी तापलेली लागेल.