वास, भुंकणे आणि लिफ्ट

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, आजच्या विषयपत्रिकेवर ‘अपस्माराच्या रुग्णांना साहाय्य करणारे कुत्रे : विज्ञान काय सांगते’ असे छापले आहे आणि त्याला मी बांधील आहे, परंतु मुंबईत त्या विज्ञानाकडे जाण्याची वाट गृहनिर्माण संस्थेच्या लिफ्टमधून जाते, म्हणून थोडा वेळ तिथे थांबू.

या कुत्र्यांची कामे दोन प्रकारची असतात. फिट, म्हणजे अपस्माराचा झटका, आल्यावर भुंकून माणसे गोळा करणे, धोक्याचे बटण दाबणे, रुग्णाला बिलगून बसणे हे पहिले काम, आणि ते शिकवता येते. फिट येण्याआधीच इशारा देणे हे दुसरे. वर्तमानपत्रांना दुसरे आवडते. माझा आग्रह पहिल्याचा आहे, कारण भुंकण्याचा उपयोग ऐकणाऱ्यावर अवलंबून असतो आणि ऐकणारे आपण आहोत.

आमच्या इमारतीत अपस्मार असलेली एक तरुणी राहते. तिचा लॅब्रेडॉर कोणत्याही संस्थेत शिकलेला नाही, परंतु तिला झटका आला की तो तिच्याजवळ उभा राहून घसा फोडून भुंकतो आणि आईला उठवतो. त्या भुंकण्याविरुद्ध शेजाऱ्यांनी सचिवांकडे लेखी तक्रारी केल्या, तारीख-वेळ घालून, अत्यंत शिस्तीने. इकडे डॉक्टर तिला झटक्यांची नोंदवही ठेवायला सांगत होते, आणि झटक्यानंतर भानावर येणाऱ्या माणसाला नेमके तेच जमत नाही. शेवटी तिच्या आईने तक्रारवहीची नक्कल मागून घेतली आणि तीच डॉक्टरांपुढे ठेवली. संस्थेने रुग्णसेवा केली ती एवढीच, आणि तीही नकळत.

पुढे वार्षिक सर्वसाधारण सभेत कुत्र्याने सामानाच्या लिफ्टने जावे असा ठराव आला. ती लिफ्ट रात्री बंद असते, आणि फिट वेळ विचारून येत नाही. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाळीव प्राण्यांना लिफ्ट नाकारता येत नाही, असे मी म्हणाले, तेव्हा ‘तो कागद सरकारी आहे, आपले उपविधी वेगळे आहेत’ असे उत्तर मिळाले. एका सदस्याने कुत्र्याचे वेगळे मेंटेनन्स किती, असेही विचारले. तुम्ही हसता, पण तो प्रश्न इतिवृत्तात आहे. अर्थात, कुत्र्यांवरून भांडण्याची या शहराची परंपरा जुनी आहे. १८३२ साली भटके कुत्रे मारण्याच्या हुकुमाविरुद्ध इथले पारशी रस्त्यावर उतरले होते आणि त्यांनी व्यवहार बंद पाडले होते. त्या मानाने आमची सभा चहावर मिटली. ठराव मात्र अजून स्थगित आहे.

आता कुत्रा भुंकला आणि माणसे धावून आली, असे समजू. ती काय करतात? चप्पल हुंगवतात, कांदा फोडतात, मुठीत किल्ल्या कोंबतात, दातखीळ बसली म्हणून तोंडात चमचा घालतात. जिथे कुत्रा माणसाचा वास घेऊन मदत करू पाहतो, तिथे आपण माणसाला चपलेचा वास देतो. करायचे असते ते फार थोडे : आसपासच्या टणक वस्तू दूर सारायच्या, रुग्णाला कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, घड्याळ पाहायचे आणि झटका पाच मिनिटांहून लांबला तर रुग्णवाहिका बोलवायची. हे येत नसलेल्या गर्दीत उत्तम शिकवलेला कुत्राही निरुपयोगी ठरतो.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. छापलेला विषय मी उरलेल्या मिनिटांत उरकते.

झटक्याला गंध असतो का? २०१९ साली फ्रान्समधल्या रेन विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रशिक्षित पाच कुत्र्यांपुढे रुग्णांच्या श्वासाचे आणि घामाचे नमुने ठेवले. झटक्याच्या वेळचे नमुने त्या कुत्र्यांनी इतर वेळच्या नमुन्यांतून निवडून काढले, तेही वेगवेगळ्या रुग्णांचे. गंध आहे, एवढे त्यातून दिसते. तो झटक्याच्या आधीपासून असतो, हे त्या प्रयोगाने सिद्ध केलेले नाही. उलट बाजूही ऐका. इशारा देणारे म्हणून नावाजलेल्या काही कुत्र्यांच्या मालकांची व्हिडिओ-ईईजी तपासणी, म्हणजे झटक्याचे चित्रीकरण आणि मेंदूतील विद्युतलहरींची नोंद एकाच वेळी, झाली, तेव्हा त्यांतल्या काहींचे झटके अपस्माराचे नव्हतेच, मानसिक कारणांचे होते. हे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. म्हणून भविष्य सांगणारा कुत्रा विकणाऱ्यापासून सावध राहावे. नेदरलँड्समधला २०२४ चा अभ्यास मला अधिक भरवशाचा वाटतो : औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराच्या २५ रुग्णांमध्ये प्रशिक्षित कुत्रा आल्यावर झटके सरासरी ३१ टक्क्यांनी कमी झाले. सोबतीमुळे ताण घटला, हे त्याचे एक संभाव्य कारण आहे.

राहिला कायदा. अमेरिकेत दुकानदार अशा कुत्र्याबद्दल दोनच प्रश्न विचारू शकतो : अपंगत्वामुळे तो लागतो का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराच्या रुग्णाला विवाहास अपात्र ठरवणारी अट निघायलाच १९९९ साल उजाडले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत अपस्माराचे नाव नाही. म्हणजे उद्या असा कुत्रा घेऊन कोणी लोकलच्या दिव्यांग डब्यात चढले, तर कुत्र्याआधी माणसालाच उतरवले जाण्याची शक्यता आहे. यावर सभागृहात वकील असतील, तर त्यांनी प्रश्नोत्तरांत बोलावे. माझी वेळ संपली आहे.