पावसानं ओढ दिली की आधी कुरणाचं फाटक

श्रोतेहो, नमस्कार.

पावसानं ओढ दिली की आपलं सगळं लक्ष दुधाच्या बादलीकडे जातं. साहजिकच आहे. पण आज मी सुरुवात करणार आहे गवताच्या बुडख्यापासून. गाय पानं खाते आणि नवं पान फुटतं ते बुडख्यात साठलेल्या साखरेवर. जमिनीत ओल असली की दोन-तीन पानं येतात आणि ही साठवण भरून निघते. कोरड्यात मात्र वाढ थांबलेली असते, आणि गाय रोज येऊन तोच कोंब ओरबाडते. साठा संपतो, मुळं आखडतात. पुढे चांगला पाऊस झाला तरी असं कुरण लवकर डोकं वर काढत नाही.

म्हणून चार बोटं गवत शिल्लक असतानाच गायी बाहेर काढा. उंच वाढणारं गवत असेल तर वीतभर राखा. तुकडे पाडून चारत असाल तर फेरा लांबवा. २० दिवसांनी त्याच तुकड्यात येत होतात, तर आता ३५-४० दिवसांनी या. ‘अजून आहे की थोडं’ असं वाटतं ना, नेमकं तेव्हाच फाटक लावायचं. जिवावर येतं, कबूल. गायींना मोकळं फिरू द्यायचंच असेल तर एखादा कोपरा त्यासाठी सोडून द्या, वैरण तिथंच टाका आणि बाकीचं रान वाचवा.

मग गायींनी खायचं काय? आता वही-पेन्सिल घ्या. ४०० किलो वजनाच्या दुभत्या गायीला दिवसाला साधारण १२ किलो शुष्क पदार्थ लागतो. शुष्क पदार्थ म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा जाऊन जे उरतं ते. हिरव्या चाऱ्यात तो १५ ते २५ टक्के असतो, चांगल्या मुरघासात, म्हणजे हवाबंद करून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यात, ३० ते ३५, वाळल्या वैरणीत ९० च्या आसपास. चारा विकत घेताना भाव याच हिशेबानं ताडून बघा, नाहीतर पाण्याचेच पैसे मोजाल. समजा, कुरणातून ५ किलो मिळतो, म्हणजे तूट ७ किलोची. १० गायी आणि ६० दिवस धरले तर ४,२०० किलो. एवढा साठा आहे का? नसेल तर गायी कमी करायच्या की चारा आणायचा, हे आत्ताच ठरवा. गाभण आणि दूध कमी झालेली गाय थोडी आधी आटवली, म्हणजे तिचं दूध काढणं बंद केलं, तरी बराच चारा वाचतो.

नुसत्या काडावर, म्हणजे धान्य काढून उरलेल्या वाळल्या ताटांवर, गाय जगवणं मात्र अवघड. त्यात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के. ७ टक्क्यांच्या खाली गेलं की पोटातले जिवाणूच उपाशी राहतात, काड पचत नाही आणि गाय भरल्या पोटी वाळत जाते. थोडी पेंड दिली तरी फरक पडतो. दुसरा उपाय युरिया प्रक्रियेचा: १०० किलो काडाला ४ किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडायचा आणि काड दाबून २१ दिवस हवाबंद ठेवायचं. घालण्याआधी पसरून वास उडू द्या. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना देऊ नका. आणि कोरडा युरिया गव्हाणीत कधीच टाकू नका, तो विष आहे.

खुराक वाढवायचा तर १०-१२ दिवसांत, हळूहळू. भुकेल्या गायीपुढे एकदम धान्य ओतलं की पोटात आम्ल वाढतं, ती रवंथ सोडते. पाणी तर हवंच, दिवसाला ६० ते १०० लिटर. वाळला चारा वाढला की तहानही वाढते.

शेवटी पाऊस येतो, रान हिरवं दिसतं आणि हात फाटकाकडे जातो. थांबा. पहिले दोन-तीन आठवडे वैरण चालूच ठेवा, गवताला बूड धरू द्या. ज्वारी असेल तर जास्तच जपा. दुष्काळात खुंटलेल्या ज्वारीला पाऊस पडल्यावर जे कोवळे पोंगे फुटतात, त्यांत सायनाइड तयार होतं. फुलोऱ्यावर येईपर्यंत त्यात गाय सोडू नका. सोडलीच गेली आणि धापा टाकत लटपटायला लागली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. उतारा शिरेतून द्यावा लागतो, आणि हाताशी काही मिनिटंच असतात. पशुवैद्यकांचा नंबर गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा.

नमस्कार.